शेळीवरची वेबसाइट आणि तिच्यातून येणारा पैसा

दिवाळीत बहिणीकडे कळंब तालुक्यात गेलो होतो. दुपारची जेवणं झाली आणि भाचीने लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. "मामा, एवढं एकदा बघा." बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं संभाजीनगरला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून ती घरी परतली आहे. घरबसल्या कमाई शिकवणाऱ्या एका ऑनलाइन कोर्सला तिने १८ हजार रुपये भरले होते. कोर्समध्ये सांगितलं तसं तिने सगळं केलं. इंग्रजी वेबसाइट काढली, क्रेडिट कार्डांवर चाळीस लेख टाकले, तेही एआयकडून लिहवून घेतलेले. पाच महिने झाले तरी दिवसाला दोन-तीन वाचकांच्या वर गाडी सरकत नव्हती.

"माझं काय चुकलं?" एवढंच तिला विचारायचं होतं.

मी जालन्यात राहतो. मोसंबीची बाग आहे आणि मोसंबीवरच एक मराठी वेबसाइट गेली सात वर्षं चालवतो. तिच्यावर घर चालत नाही, पण महिन्याच्या खर्चाला तिचा खरा हातभार लागतो. त्या दुपारी आणि पुढे महिनाभर फोनवर मी भाचीला जे समजावलं ते इथे लिहितो आहे. तिच्यासारखी मुलं-मुली मला मराठवाड्यात गावोगाव भेटतात. हुशार असतात, कष्टाची तयारी असते, आणि कुणीतरी त्यांना पहिल्याच पायरीला चुकीच्या दारात नेऊन उभं करतं. त्याचा मला मनापासून त्रास होतो.

भिंतीतली देवळी

अशा कामाला 'निश वेबसाइट' म्हणतात. निश म्हणजे मूळ अर्थाने भिंतीतला कोनाडा. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरात जाड भिंतीत देवळी असते ना, तीच. एक दिवा मावेल एवढीच जागा. पण त्या दिव्याला वारा लागत नाही आणि अंधारात हात बरोबर तिथेच जातो. निश वेबसाइट अशी असते: विषय एकच, अरुंद, पण त्या विषयाचं सगळं तिथे सापडतं.

मोंढ्यात बघा. किराण्याची पन्नास दुकानं असतात. एखादंच दुकान फक्त दावी, कासरे, म्होरक्या आणि घुंगरमाळांचं असतं. पोळ्याच्या आधी बैलवाला ती पन्नास दुकानं ओलांडून त्या एका दुकानात जातो. तिथे त्याला काय हवं हे दुकानदाराला सांगावं लागत नाही. भाचीने काढलेलं दुकान क्रेडिट कार्डांचं होतं. त्या बाजारात बँका स्वतः उतरलेल्या आहेत, मोठमोठ्या कंपन्या पगारी माणसं बसवून लिहून घेतात. तिने आजवर क्रेडिट कार्ड वापरलेलंही नव्हतं. मग गुगलने तिचं पान त्यांच्या वर का दाखवावं?

मी तिला विचारलं, "तुला कोणत्या गोष्टीतलं असं कळतं, जे विचारायला लोक तुमच्या घरी येतात?" ती विचारात पडली. मागच्या दारी बावीस शेळ्या बांधलेल्या होत्या, अस्सल उस्मानाबादी. काळ्याभोर, लांब कानांच्या. तिची आजी चाळीस वर्षं शेळ्या सांभाळते आहे आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरून बाया तिला विचारायला येतात. उत्तर दारातच बांधलेलं होतं.

गुगल नेमकं करतं काय

वेबसाइट काढणाऱ्याने हे आधी नीट समजून घ्यावं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आपण गुगलमध्ये काही टाइप केलं की ते त्या क्षणी जगभरच्या वेबसाइट धुंडाळत नाही. ते काम आधीच झालेलं असतं. गुगलचे प्रोग्राम रात्रंदिवस एका पानावरून दुसऱ्या पानावर लिंक धरून फिरत असतात. सापडलेलं पान वाचतात आणि ते कशाबद्दल आहे याची नोंद एका प्रचंड सूचीत ठेवतात. या नोंदीला 'इंडेक्स होणं' म्हणतात. तलाठ्याकडे सातबाऱ्यावर नाव लागावं तसं. नाव लागलं नसेल तर जमीन कितीही चांगली असो, कागदोपत्री ती तुमची नाही. तुमचं पान इंडेक्स झालेलं नसेल तर ते कुणालाही सर्चमध्ये दिसणार नाही.

पान शोधणं आणि त्याची नोंद ठेवणं या दोन पायऱ्या झाल्या. तिसरी पायरी क्रमवारीची. एकाच प्रश्नावर हजारो पानं असतील तर वर कोणतं? लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगल सुरू केलं, तेव्हा त्यांची मूळ कल्पना अशी होती की ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात ते पान महत्त्वाचं. गावात डॉक्टर कोणता चांगला हे आपण चार भरवशाच्या माणसांना विचारतो, तोच हिशोब. या बोट दाखवण्याला 'बॅकलिंक' म्हणतात. आता त्यात शेकडो गोष्टी मिसळल्या आहेत: पान प्रश्नाला किती नेमकं उत्तर देतं, मोबाइलवर नीट उघडतं का, लिहिणाऱ्याला विषयाचा अनुभव दिसतो का. पण गाभा तोच राहिला आहे.

मराठीत लिहिणाऱ्याने एक गोष्ट खास सांभाळावी. आपल्याकडे डीटीपीवाल्यांकडून, छापखान्यातून मजकूर अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मिळतो. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. असा मजकूर वेबसाइटवर तसाच चिकटवला तर गुगलला त्यातलं एक अक्षरही कळत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे जगातल्या सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत. मोबाइलच्या कीबोर्डवर टाइप केलेलं किंवा बोलून उतरवलेलं मराठी युनिकोडच असतं. आजीचं बोलणं भाची असंच उतरवून घेते, फोन समोर धरून. मग बसून शुद्ध करते.

लोक काय विचारतात ते शोधणं

सर्चमध्ये लोक जे शब्द टाकतात त्यांना 'कीवर्ड' म्हणतात. कोर्सवाले हा शब्द फार जड करून सांगतात. कीवर्ड म्हणजे कुणाच्या तरी मनातला प्रश्न, त्याच्याच शब्दांत.

गुगलच्या खोक्यात 'शेळी' टाइप करून थांबा. खाली सुचवण्या येतात. त्या लोकांनी खरोखर केलेल्या सर्चवरून तयार होतात. 'शेळी' आणि पुढे एकेक अक्षर टाकून भाचीने एका संध्याकाळी दीडशे प्रश्न वहीत उतरवले. त्यातून मराठीची एक गंमत तिच्या लक्षात आली. माणसं एकच गोष्ट किती तऱ्हांनी लिहितात! कुणी 'शेळीपालन' जोडून, कुणी 'शेळी पालन' तोडून, आणि बरेच जण तेच शब्द रोमन लिपीत. आपल्याकडे शेळीला शेरडू म्हणतात, तरुण मादीला पाट म्हणतात, पिल्लाला करडू. हे शब्द लेखात सहज यायला हवेत, कारण परंड्याचा किंवा भूमचा माणूस तेच शब्द टाकणार आहे. कीवर्डचे आकडे दाखवणारी गुगलची कीवर्ड प्लॅनरसारखी साधनं मराठी शब्दांपुढे कित्येकदा शून्य किंवा अगदी छोटा आकडा दाखवतात. त्याने घाबरू नये. माझ्या वेबसाइटवरची सगळ्यात जास्त वाचली जाणारी काही पानं अशाच 'शून्य' शब्दांवरची आहेत.

वहीतल्या दीडशे प्रश्नांची मग आम्ही वाटणी केली. 'शेळीच्या जाती किती' हा कुतूहलाचा प्रश्न. विचारणारा उत्तर वाचून निघून जातो, आणि आता तर गुगल स्वतःच वरच्या बाजूला एआयने तयार केलेला सारांश दाखवतं, त्यामुळे पुष्कळदा तो तुमच्यापर्यंत येतही नाही. 'दहा शेळ्यांच्या शेडला किती खर्च येतो' हा दुसऱ्या जातीचा प्रश्न. विचारणाऱ्याने मनात काहीतरी ठरवलेलं आहे. 'घरगुती कुट्टी मशीन (चारा बारीक कापायचं यंत्र) कोणतं घ्यावं' असं विचारणाऱ्याचा हात तर खिशापर्यंत पोहोचला आहे. शिकाऊ माणूस बहुधा पहिल्या प्रकारावर लिहीत बसतो, कारण ते लिहायला सोपं असतं. माझ्या मते सुरुवातच दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारापासून करावी.

प्रश्नांना हंगामही असतो. मोसंबीच्या आंबिया बहरासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, आपण हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देतो. 'ताण कधी तोडावा', म्हणजे पाणी पुन्हा कधी सुरू करावं, हा प्रश्न डिसेंबर-जानेवारीत उसळतो आणि नंतर वर्षभर कुणी विचारत नाही. नव्या पानाला सर्चमध्ये मुरायला काही महिने लागतात. म्हणून ताणावरचं पान मी पावसाळ्यात लिहितो. पहिल्या वर्षी ते डिसेंबरात लिहिलं आणि ते वर आलं तोवर बागा फुलून गेल्या होत्या. पेरणीसारखंच आहे हे, वाफसा गेल्यावर बी टाकून उपयोग नसतो. भाचीला सांगितलं, बकरी ईदच्या बोकडांवरचं पान ईदच्या आधी चार-पाच महिने तयार हवं, आणि पावसाळ्यातल्या आंत्रविषाराच्या, म्हणजे शेळ्यांच्या आतड्याच्या जीवघेण्या रोगाच्या, लसीवरचं पान उन्हाळ्याच्या तोंडावर.

उभारणी

या भागाला लोक सगळ्यात जास्त भितात आणि तो सगळ्यात सोपा आहे. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तो वर्षाच्या भाड्याने मिळतो. होस्टिंग म्हणजे जिथे तुमची पानं ठेवलेली असतात ती जागा, तिचंही भाडं. दोन्ही मिळून सुरुवातीला वर्षाला तीन-चार हजारांत काम होतं. मात्र पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर नूतनीकरणाचा दर किती हे आधी वाचून घ्यावं, तो कित्येकदा दुप्पट-तिप्पट असतो. वेबसाइट बांधायला वर्डप्रेस वापरावं. ते २००३ पासून आहे, फुकट आहे, मराठीत मिळतं आणि जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात, त्यामुळे कुठे अडलं तर उत्तर सापडतंच.

देवनागरीतला '.भारत' पत्ता २०१४ पासून मिळतो. भाचीला तोच हवा होता आणि मलाही तो मनापासून आवडतो. पण असा पत्ता बऱ्याच ठिकाणी कॉपी केला की त्याचं न वाचता येणाऱ्या अक्षरांच्या माळेत रूपांतर होतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तशी लिंक आली की माणूस ती फसवणुकीची समजून उघडत नाही. म्हणून नाइलाजाने रोमन अक्षरांतलं '.इन' घेतलं.

थीम, म्हणजे वेबसाइटच्या दिसण्याचा तयार साचा, साधी, हलकी घ्या. आपला वाचक शेतात उभा राहून, एक-दोन काड्यांच्या नेटवर पान उघडतो. फोटो मोबाइलमधून काढला तसाच चार-पाच एमबीचा चढवला तर पान उघडण्याआधीच तो परत फिरतो. फोटो दाबून शंभर-दीडशे केबीपर्यंत आणायचे. एवढं एक पाळलं तरी बरीच लढाई जिंकली. रंग, लोगो, हलणारी चित्रं यात महिना घालवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं पहिलं पान कधी लिहूनच झालं नाही.

एक पान कसं लिहावं

भाचीने शेळ्यांवरचा पहिला लेख मला पाठवला. सुरुवात अशी होती: 'शेळीपालन हा एक महत्त्वाचा शेतीपूरक व्यवसाय आहे. शेळीला गरिबाची गाय असे म्हणतात.' मी तिला फोन केला आणि विचारलं, "बाळा, ही दोन वाक्यं वाचायला परंड्याहून कोण येणार आहे?" ती थोडी खट्टू झाली. मग म्हणाली, "मामा, मग काय लिहू?"

"मागच्या पावसाळ्यात तुमच्या शेळ्यांना काय झालं होतं, ते लिही."

तिने लिहिलं. कोवळं हिरवं गवत खाऊन दोन पाटी एका रात्रीत कशा गेल्या, पोट कसं फुगलं होतं, पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आंत्रविषार सांगितलं, पावसाळ्याआधी लस टोचून घ्यायला हवी होती आणि पहिल्यांदा लस देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. नंतर आजीने काय बदललं: सकाळी दव असताना शेळ्या सोडायच्या नाहीत, आधी थोडा वाळला चारा पुढे टाकायचा. सोबत गोठ्याचे पाच फोटो. हे पान इंटरनेटवर दुसरं कुणीही लिहू शकत नव्हतं.

ज्या वाक्याला अनुभव लागत नाही ते वाक्य एआय क्षणात लिहून देतं, जगातल्या प्रत्येकाला देतं, म्हणून त्याला किंमत राहत नाही. मार्च २०२४ मध्ये गुगलने आपल्या नियमांत स्पष्ट घातलं की केवळ सर्चमध्ये वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेली, वाचकाच्या फारशी कामाची नसलेली पानं हा गैरवापर मानला जाईल, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. एआय वापरायला मनाई नाही. भाची त्याच्याकडून शुद्धलेखन तपासून घेते. पण गोठ्यात काय घडलं हे त्याला माहीत नसतं, ते तिनेच लिहायचं.

एका बाबतीत मी तिला हट्टाने बजावलं. औषधाचं नाव आणि मात्रा लिहायची नाही. रोगाची लक्षणं लिही, आपण काय केलं ते लिही, आणि डॉक्टरांना कधी बोलवायचं ते ठळक लिही. तुझ्या एका चुकीच्या मिलीलिटरने कुणाची तरी दुभती शेळी मरू शकते, आणि ज्याच्याकडे दोनच शेळ्या आहेत त्याचं ते अर्धं घर असतं. माझ्या वेबसाइटवर डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी, खोडाला लावायच्या बोर्डोपेस्टचं प्रमाण आहे, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. पण ते कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत असलेलं आहे आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना विचारून मगच मी ते टाकलं.

पैसा येतो कुठून

मुख्य वाटा तीन.

पहिली जाहिरातीची. गुगलची अ‍ॅडसेन्स ही सेवा तुमच्या पानावर जाहिराती दाखवते आणि जाहिरातदाराकडून आलेल्या पैशातला वाटा तुम्हाला देते. मराठी वेबसाइटना ती २०१८ पासून मिळते. पूर्वी जाहिरातीवर क्लिक झालं की पैसे धरले जात, २०२४ पासून जाहिरात दिसण्यावर धरले जातात. खात्यात १० डॉलर जमले की पत्ता तपासायला घरी टपालाने एक पिन येतो. आमच्याकडे पोस्टमनला आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो साधा कागद समजून राहून जातो. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करू नये, मित्रांना सांगू नये. खातं कायमचं बंद होतं, आणि माझ्या ओळखीतल्या दोघांचं झालं आहे.

आता हिशोब करू. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, दर विषयागणिक आणि महिन्यागणिक बदलतो. समजा हजार वेळा पान उघडल्यावर ६० रुपये मिळतात. महिन्यात २०,००० वेळा पानं उघडली गेली तर १,२०० रुपये. डॉलर ८५ रुपये धरला तर १०० डॉलरला ८,५०० रुपये, म्हणजे पहिला पैसा हातात पडायला सात महिन्यांहून जास्त. आणि २०,००० वाचनं म्हणजे थोडी नव्हेत, तिथवर जायलाच नव्या माणसाला वर्ष लागू शकतं.

दुसरी वाट अफिलिएटची. याला मी आपली आडत म्हणतो. माल तुमचा नाही, गिऱ्हाईकही तुमचं नाही, पण दोघांची गाठ तुम्ही घालून दिली म्हणून टक्केवारी मिळते. तुमच्या पानावरच्या खास लिंकवरून कुणी अ‍ॅमेझॉनसारख्या दुकानात गेलं आणि खरेदी केली तर दुकान तुम्हाला कमिशन देतं. अ‍ॅमेझॉनवर लिंक दाबल्यापासून साधारण २४ तासांचा हिशोब धरतात. समजा १४,००० रुपयांचं कुट्टी मशीन आहे आणि कमिशन ४ टक्के. एका विक्रीला ५६० रुपये. त्या पानावर महिन्याला २,००० माणसं आली, शंभरांनी लिंक दाबली, दोघांनी घेतलं, तर १,१२० रुपये. बघा, २,००० वाचकांचं एक पान जाहिरातीवरच्या २०,००० वाचनांच्या जवळ गेलं. नेमक्या प्रश्नावरचं पान का लिहायचं, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. आपल्याकडची अडचण अशी की शेतकरी मशीन ऑनलाइन बघतो आणि घेतो कळंबच्या दुकानातून. ते कमिशन तुमचं नसतं. अशा पानावर एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी: 'या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं.' केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही जाहिरातदाराशी असलेलं नातं उघड करायला सांगतात. माझा अनुभव असा की हे स्पष्ट लिहिल्यावर वाचकाचा विश्वास वाढतो.

तिसरी वाट मला सगळ्यात जवळची वाटते आणि कोर्समध्ये तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. थेट व्यवहार. भाचीच्या घरचे बोकड आजवर बाजारात दलाल ठरवेल त्या भावाने जात. वेबसाइटवर वजन, वय, फोटो आणि वडिलांचा नंबर टाकला की गिऱ्हाईक सरळ दारात येऊ शकतं. जातिवंत पाटी विकता येतील. पशुखाद्याचा लातूर-बार्शीकडचा एखादा विक्रेता महिना ठरावीक रक्कम देऊन जाहिरात लावू शकतो, कारण तुमचा प्रत्येक वाचक त्याचं संभाव्य गिऱ्हाईक असतं. माझ्या वेबसाइटचं निम्म्याहून जास्त उत्पन्न मोसंबीच्या कलमांच्या चौकशीतून येतं. जाहिरातीतून येणारं त्याच्या मागे आहे.

कराचं थोडक्यात. हे उत्पन्न प्राप्तिकरात व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाख उलाढालीची आहे. पैसा सुरू झाला की एकदा सनदी लेखापालाकडे जाऊन यावं.

लोकांपर्यंत पोहोचवणं

पान लिहून झालं की पहिलं काम गुगल सर्च कन्सोलचं. ही फुकट सेवा आहे. तिथे वेबसाइट आपली असल्याचं सिद्ध करून साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी, द्यायची. मग रोज दिसतं की कोणत्या शब्दांवर तुमचं पान किती वेळा दाखवलं गेलं, कितव्या क्रमांकावर, आणि किती जणांनी उघडलं. मला हे जगातलं सगळ्यात चांगलं शिक्षण वाटतं. वाचक स्वतःच्या शब्दांत सांगत असतो की मला हे हवं आहे. एखाद्या शब्दावर पान अकराव्या-बाराव्या क्रमांकावर दाखवलं जात असेल आणि त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पानात दोनच ओळींत असेल, तर तिथे जाऊन नीट दोन परिच्छेद लिहा. अशा डागडुजीने माझी जितकी पानं वर आली तितकी नवीन लिहून आली नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत लिंका टाकत सुटू नका. लोक कंटाळतात आणि काढून टाकतात. गटात कुणी प्रश्न विचारला तर आधी तिथेच पूर्ण उत्तर लिहा आणि शेवटी, फोटो पाहायचे असतील तर इथे आहेत, म्हणून लिंक द्या.

बॅकलिंक विकणारे मेल येतील, पाचशे लिंक दोन हजारांत. घेऊ नका. विकत घेतलेल्या लिंकांविरुद्ध गुगलने २०१२ मध्येच मोठी मोहीम उघडली होती, पेंग्विन नावाने, आणि आजही तो नियमभंगच आहे. खरी लिंक कामाने मिळते. भाचीने चौदा गावांतल्या बाजारातले बोकडांचे भाव दर आठवड्याला लिहायचं ठरवलं आहे. असा तक्ता कुठेच नसेल तर शेळीवर लिहिणारा प्रत्येक जण तिच्याकडे बोट दाखवेल. तुळजापूरच्या, जालन्याजवळच्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन तिथल्या शास्त्रज्ञांशी बोला, त्यांचं मार्गदर्शन त्यांच्या नावासह नीट मांडा. अशा माणसांकडून आलेली एक लिंक पाचशे विकतच्या लिंकांहून मोलाची असते.

सरकारी योजनांच्या वेबसाइटबद्दल मला खूप जण विचारतात, कारण त्यांवर गर्दी झटकन होते. मी तो रस्ता सुचवत नाही. योजना जाहीर होते तेव्हा शेकडो वेबसाइट एकमेकींची नक्कल करतात, अर्धवट माहिती पसरते, आणि चुकीच्या तारखेमुळे एखाद्या बाईचा अर्ज राहून जातो. दोन महिन्यांत गर्दी ओसरते. मागे राहण्यासारखं त्यात काही नसतं.

आणि धोका सांगायलाच हवा. सप्टेंबर २०२३ आणि मार्च २०२४ च्या गुगलच्या बदलांत जगभरच्या असंख्य छोट्या वेबसाइटचे वाचक रातोरात घटले, त्यांत प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याही होत्या. माझेही तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले होते. ते परत यायला वर्ष गेलं. म्हणून भाचीला म्हटलं, नोकरीचे अर्ज थांबवू नकोस, घरच्या कामातून रोज दोन तास याला दे, आणि बारा महिने पैशाकडे बघू नकोस. एकाच पावसावर विसंबलेल्या शेतीचं काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वाचकांना व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलवर जोडून घे, म्हणजे गुगल रुसलं तरी माणसं तुझ्याजवळ राहतील.

आता तिच्या वेबसाइटला चार महिने झाले. एकोणीस पानं आहेत, कमाई अजून शून्य. परवा रात्री तिने सर्च कन्सोलचा फोटो पाठवला. आंत्रविषाराचं पान एका आठवड्यात २१४ जणांनी उघडलं होतं. त्याच्या खाली, कोणत्या शब्दांवर तिची वेबसाइट दिसली त्या यादीत, एक ओळ होती: 'शेरडू एकाच करडाला पाजतं दुसऱ्याला लाथ मारतं काय करावं'. या प्रश्नाचं पान तिच्याकडे नाही. फोनवर मागून आजीचा आवाज येत होता, "अगं, आधी शेळीचं तोंड धरायचं, लिही," आणि भाची लिहीत होती.